तिसरीतल्या मुलाला ‘आपण कुठले?’ हे कसे शिकवावे?

वर्गशिक्षिका, खानापूर तालुका

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात सरकारी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. ‘मी आणि माझे कुटुंब’ हा भाग घेताना मुलांना नाव, गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि देश लिहायला सांगितले, तेव्हा एका मुलाने राज्याच्या ओळीवर ‘मराठी’ असे लिहिले. उत्तर चुकीचे होते, तरी त्यावर लाल फुली मारायला माझा हात धजला नाही, कारण राज्य आणि भाषा यांची ही गल्लत तो आपल्या घरात आणि गावच्या चावडीवर ऐकूनच शिकला आहे. माझे मत असे आहे की या वयात या दोन गोष्टी आधी वेगळ्या करून दाखवाव्यात: आपल्या दाखल्यांवर ज्या सरकारचा शिक्का असतो ते राज्य, आणि आईशी भांडताना तोंडून जे शब्द येतात ती मातृभाषा. कर्नाटकात राहून मराठीत शिकणे ही कोणाची मेहेरबानी नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे घटनेचा अनुच्छेद ३५०क सांगतो. हा अनुच्छेद १९५६ सालचा आहे, म्हणजे ज्या वर्षी आपला भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला त्याच वर्षाचा. सीमाप्रश्नाचा इतिहास मात्र हायस्कूलसाठी राखून ठेवावा.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

बाई, फुली मारली नाहीत हे योग्यच केलेत. परंतु सीमाप्रश्न हायस्कूलपर्यंत लांबवावा हे मला मान्य नाही. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मूल शाळेत राज्योत्सवाचा लाल-पिवळा ध्वज पाहते आणि त्याच दिवशी घरी निषेधाचा काळा दिवस पाळलेला पाहते. त्याला कोणीच काही सांगितले नाही, तर शाळा तरी खोटी किंवा वडील तरी खोटे, असे ते मनाशी ठरवते. पूर्वी आपण मुंबई राज्यात होतो, १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली, इथल्या पुष्कळ मराठी माणसांना ती पटली नाही, आणि २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, एवढे आठ वर्षांच्या मुलाला नक्की समजते. आपले म्हणणे दगड न उचलता न्यायालयापुढे मांडता येते, यापेक्षा नागरिकत्वाचा चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

पालक, चिकोडी

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरता, ती म्हणजे एका घरात एकच भाषा असते. माझ्या पत्नीचे माहेर कन्नड आहे. आमची मुलगी माझ्या आईला आजी म्हणते आणि आजोळच्या आजीला अज्जी. अक्का, अण्णा, अप्पा ही नाती तर दोन्ही घरांत त्याच शब्दांनी चालतात, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला दोन्हीकडची माणसे जातात. शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितला, तेव्हा त्यात पणजोबा, आजोबा, वडील एवढ्याच फांद्या होत्या. आईच्या माणसांना जागाच नव्हती. त्या दिवशी मुलीने मला विचारले, ‘अज्जी आपल्या कुटुंबात नाही का?’ राष्ट्रीय ओळख पुढे कधीही शिकवा, पण जो तक्ता मुलाच्या अर्ध्या घराला वगळतो, तो वर्गात आणू नका.

पालक, बेळगाव शहर

मला ही सगळी चर्चाच अनाठायी वाटते. मुलांना कन्नड नीट लिहिता-वाचता येत नाही, म्हणून पुढे सरकारी नोकरीत आणि कचेरीत ती अडतात. ओळख घरी शिकवता येते; शाळेने तो वेळ भाषेला द्यावा.

वर्गशिक्षिका, खानापूर तालुका

चिकोडीच्या पालकांचे म्हणणे मला पूर्ण पटले. यापुढे मी वंशवृक्षाऐवजी ‘माझी माणसे’ असा तक्ता देईन आणि मूल ज्याला ज्या शब्दाने हाक मारते तोच शब्द त्यात लिहायला सांगेन. बेळगावच्या पालकांना एवढेच सांगते की अज्जी आणि आजी हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की कन्नडची भीती तिथूनच कमी होऊ लागते. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. देश शिकवायला मी मुलांना नंदगडला नेते. इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली तिथे फाशी दिली, आणि ते ठिकाण आमच्याच तालुक्यात आहे. कन्नड मुलखातला तो वीर माझ्या मराठी मुलांना परका वाटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. १ नोव्हेंबरविषयी मात्र मूल विचारील तेव्हाच सांगेन, स्वतःहून विषय काढणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

बाई, त्याने विचारण्याची वाट पाहू नका. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही मुलाने मला ते विचारले नाही, कारण या विषयावर गप्प बसायचे हे ती घरूनच शिकून येत होती.