७ वर्षांच्या मुलीला तबला: कुठल्या सरांकडे पाठवावं? (फोंडा)

प्रश्न, फोंडा_पालक: जवळच एक सर हार्मोनियम, कीबोर्ड, तबला सगळंच शिकवतात. दुसरे भजनात पखवाज वाजवतात, तबलाही शिकवतात. तिसरे फक्त तबल्याचे, पण मडगावला, आठवड्यातून एकदाच. कोण बरे? तबला आत्ताच विकत घ्यावा का?

सम_काल: सरांचं वाजवणं ऐकून ठरवू नका. वर्गात बसू द्याल का विचारा आणि वर्षभर शिकलेल्या एखाद्या मुलाचे हात बघा. ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलेली हवी, तर्जनीचा आघात चाटेवर (बाहेरच्या काठावर). अनामिका उचलली की ‘ना’ गढूळ येतो. बायावर (डाव्या हाताच्या मोठ्या तबल्यावर) मनगट टेकलेलं हवं. ते हवेत असेल तर ‘घे’ला घुमारा येत नाही. मग त्याच मुलाला तीनताल (१६ मात्रांचा) हातावर म्हणायला सांगा: टाळी १, ५, १३ वर, ‘खाली’ (टाळीऐवजी हात बाजूला) ९ वर. टाळी तशीच ठेवून दुप्पट लयीत म्हणता आला तर शिकवणं पक्कं. नुसते हात पळत असतील तर घोकंपट्टी आहे.

पखवाजाचा हात उघड्या पंजाचा. तो तबल्यावर आला की भजनी ठेका लवकर बसतो, चवथीच्या आरत्या निभावतात, पण पुढे ‘तिरकिट’सारखे बोटांचे जलद बोल अडतात. सर दोन्ही रीतसर शिकलेले असतील तर हरकत नाही.

लग्गी: वरचं पटलं, पण या वयाला सुरुवातीला आठवड्यातून एकदा पुरत नाही. चुकीची बैठक सहा दिवस घोटली जाते. पहिले तीन महिने दोनदा, अर्धा-अर्धा तास मागून बघा. आणि गांधर्व मंडळाच्या ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेचीच घाई करणाऱ्यांना विचारा, अभ्यासक्रमाबाहेर काय शिकवता? पणजीला कला अकादमीतही तबला शिकवतात, पण फोंड्याहून रोजचं जमणं कठीण.

गवसणी: तबला घ्याच, घरी रियाज नसेल तर क्लास फुकट. साडेपाच इंचांच्या आसपास तोंडाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला), निवड सरांकडून. आपल्याकडे पावसात पुडी (वरचं कातडं) सैल होते, सूर उतरतो. तेव्हा वाद्या (बाजूच्या चामडी पट्ट्या) फार ओढू नका. कोरड्या हवेत कातडं आवळलं की पुडी फाटते. सुरात थोडा फरक असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हातोडीने, जास्त असेल तर गठ्ठ्यांवर (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांवर). दमट झाला म्हणून उन्हात ठेवू नका, शाई तडकते. पावडरही बेताची, ती शाईवर बसते.