टीव्हीवरच्या बाईने चष्मा लावला तर काय बिघडतं?

गच्चीवरची_अँटेना

परवा मी आणि आत्या बातम्या बघत बसलो होतो. निवेदिका पुराबद्दल सांगत होती. मध्येच आत्या म्हणाली, "हिला हा पिवळा अजिबात शोभत नाही गं." मी लगेच री ओढली, "आणि ते गळ्यातलं केवढं मोठं!" पाच मिनिटांनी आत्यानेच विचारलं, "धरणाचे किती दरवाजे उघडले म्हणाली?" दोघींनाही सांगता येईना. शेजारी बसलेल्या निवेदकाने काय घातलं होतं, हे तर त्याहून आठवेना. सूट असणार.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. एप्रिल २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर लिम ह्यॉन-जू या निवेदिकेने सकाळच्या बातम्या चष्मा लावून दिल्या आणि त्याची बातमी जगभर झाली. चष्म्याची! तिचं कारण अगदी साधं होतं. पहाटे उठून खोट्या पापण्या चिकटवायच्या, लेन्स घालायच्या, मग कोरड्या पडलेल्या डोळ्यांत थेंब घालत बसायचं, याचा तिला कंटाळा आला होता. तिथले पुरुष निवेदक कित्येक वर्षं चष्मा लावूनच बसत होते, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

दुसरं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल. ऑस्ट्रेलियात चॅनल नाईनच्या सकाळच्या कार्यक्रमात कार्ल स्टेफानोविक आणि लिसा विल्किन्सन शेजारीशेजारी बसत. तिच्या कपड्यांवर प्रेक्षकांचे ताशेरे सतत यायचे. कार्लने काय करावं? एकच निळा सूट जवळजवळ रोज घालायला सुरुवात केली, तोही वर्षभर. २०१४ च्या नोव्हेंबरात त्याने स्वतःच हे फोडलं, तोवर एकाही प्रेक्षकाच्या लक्षात आलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुरुषाला पडद्यावर एक गणवेश आयता मिळालाय. सूट चढवला की त्याच्या अंगाकडे बघायचं काम संपलं. बाईला असा एकही कपडा नाही. काहीही घातलं तरी त्यावर मत येतंच. आत्याला आणि मला धरून. बोला.

शंकेखोर

असहमत. टीव्ही हे बघायचं माध्यम आहे, त्यात दिसण्याला महत्त्व असणारच. आवाज फाटका असलेल्याला रेडिओवर घेत नाहीत तेव्हा आपण अन्याय म्हणत नाही. आणि पुरुष सुटतात हे कोणी सांगितलं? १९६० च्या सप्टेंबरात अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांचा पहिला जाहीर वाद टीव्हीवर झाला. निक्सन नुकता आजारातून उठलेला, चेहरा ओढलेला, दाढीची काळी सावली दिसतेय. साठ वर्षं झाली, त्या वादातले मुद्दे कोणाला आठवत नाहीत, त्याचा चेहरा मात्र प्रत्येक पुस्तकात असतो. टक्कल लपवणारे आणि केस काळे करणारे निवेदकही ढिगाने सापडतील.

तुम्ही दोघी पिवळ्या रंगावर बोललात हा वाहिनीचा दोष कसा? आत्याचा आहे. (हलके घ्या.)

मागच्या_बाकावरून

आत्यांना आमचा नमस्कार. दरवाजे किती उघडले ते शेवटी कळलं का?

गच्चीवरची_अँटेना

नाही ना. तेच तर!

लेपलवाला

मी अकरा वर्षं स्टुडिओत ध्वनीचं काम करतो. तत्त्वाचं तुम्ही बघा, मी कामाचं सांगतो.

निवेदक येतो. कोटाच्या कॉलरला लेपल माईक अडकवला, वायर कोटाच्या आतून मागे घेतली, ट्रान्समीटर कमरेच्या पट्ट्याला. अर्धं मिनिट. तो तोपर्यंत फोनवर बोलत असतो.

निवेदिका येते. एकसंध ड्रेस आहे, कॉलर नाही, पट्टा नाही, खिसा नाही. माईक कुठे लावणार? गळ्याच्या काठाला लावला तर कापड पातळ, माईकच्या वजनाने काठ लोंबतो आणि माईकचं तोंड खाली जातं. ट्रान्समीटर म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा डबा, तो पाठीमागे आतल्या पट्टीला नाहीतर मांडीला पट्टा बांधून लावायचा. हे मी करू शकत नाही, म्हणजे कोणा सहकारी बाईला शोधायचं. ती नसेल तर निवेदिका स्वतः पडद्यामागे जाऊन वायर कपड्यातून ओढून घेते. मग डबा उठून दिसतो म्हणून तिरकं बसायला सांगतात. मग कानातलं माईकजवळ किणकिणतं म्हणून मी ते काढायला लावतो. मग केस मोकळे सोडायला सांगितलेले असतात, ते माईकवर घासतात. तोपर्यंत कंट्रोल रूममधून "अजून किती वेळ?" अशी ओरड. आणि उशीर कोणामुळे झाला म्हणतात? तिच्यामुळे.

ती सगळी यंत्रणा कोट गृहीत धरून बनवलेली आहे. माझ्या हातून रोज जातं म्हणून सांगतो. अँटेनाताई गणवेश म्हणतात, तो माईकलाही माहीत आहे.

कपाट_उघडं

मी बाई आहे आणि मला धागा पटला नाही. मला टीव्हीवरच्या बायकांचे कपडे बघायला आवडतात. ब्लाउजची बाही, गळ्याचा कट, रंगसंगती हे बघून मी शिवणाऱ्याला सांगते. यात बातम्यांचा अपमान कुठे झाला? माणूस एकाच वेळी ऐकू आणि बघू शकतो. आणि हो, नटणं म्हणजे बिनडोकपणा हे समीकरण डोक्यात कोणाच्या आहे? धाग्यात ते मला जरा दिसलं.

गणवेशाची कल्पना तर अजिबात नको. उद्या सगळ्यांना करड्या कोटात बसवाल आणि त्यालाच समानता म्हणाल. पुरुषांचा कपडा हाच गंभीर कपडा, असं ठरवून टाकायचं का?

गच्चीवरची_अँटेना

@कपाट_उघडं, शेवटचा प्रश्न वर्मी लागला, मान्य. मला करडा कोट नकोच आहे. मला हवं आहे ते म्हणजे नटावंसं वाटलं तर नटायचं आणि एखाद्या दिवशी नाही वाटलं तर नाही, एवढी मोकळीक. कार्लला ती मोकळीक वर्षभर होती. तुमचा आवडता ब्लाउज तिने लागोपाठ दोन दिवस घातला तर तुमच्याच लक्षात येईल की नाही, खरं सांगा.

कपाट_उघडं

येईल. आणि मी आत्यांना फोनही करीन.

शंकेखोर

लेपलवाल्यांचा प्रतिसाद आवडला, पण त्यावर उपाय चांगला माईक हा आहे, क्रांती नव्हे.

आता जरा कायद्याचं. हा वाद नवा नाही. क्रिस्टीन क्राफ्ट ही अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या केएमबीसी वाहिनीची निवेदिका. १९८१ मध्ये तिला निवेदनावरून काढून वार्ताहर म्हणून काम करायला सांगितलं, वय ३६. वय झालंय, दिसायला बरी नाही, पुरुषांपुढे नमतं घेत नाही, असं वरिष्ठांनी आपल्याला ऐकवलं, हा तिचा आरोप. वाहिनीने तो नाकारला. ज्यूरीने दोनदा तिच्या बाजूने कौल दिला, १९८३ मध्ये ५ लाख डॉलर आणि १९८४ मध्ये ३ लाख २५ हजार. पहिला निकाल न्यायाधीशाने बाजूला ठेवला, दुसरा १९८५ मध्ये अपील न्यायालयाने फिरवला, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. म्हणजे नीटनेटकं दिसण्याची अट स्त्री-पुरुष दोघांना असेल तर ती घालायचा वाहिनीला हक्क आहे, हे मान्य झालं. प्रेक्षक-चाचणीत ती नापसंत ठरली होती. धंदा प्रेक्षकांवर चालतो.

तारीख_पे_तारीख

शंकेखोर, खटला बरोबर सांगितलात पण त्यातली कॅलेंडरची गोष्ट गाळलीत. प्रेक्षक-चाचणीनंतर वाहिनीने तिच्यासाठी कपड्यांचं कॅलेंडर तयार करून घेतलं होतं. अमक्या तारखेला अमका ब्लाउज, अमकं जाकीट, रोजचा हिशोब. घरात लहान मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाला लागून असतं ना, तसं. ३६ वर्षांच्या पत्रकार बाईला! अट दोघांना सारखी असेलही, कॅलेंडर तिचंच होतं.

शिवाय नंतरचे निकालही बघा. बीबीसीच्या 'कंट्रीफाइल' कार्यक्रमातून २००९ मध्ये मिरियम ओ'रायली यांना वगळलं, कार्यक्रम रविवारी सकाळवरून संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेवर नेताना. त्याआधी एका दिग्दर्शकाने त्यांना सुनावलं होतं की हाय डेफिनिशन येतंय, सुरकुत्या सांभाळा. एकदा केसांतला पांढरा भाग झाकायला काळ्या रंगाचा फवाराही पुढे केला होता. त्याच कार्यक्रमात अडुसष्ट वर्षांचे जॉन क्रेव्हन मात्र राहिले. २०११ च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने वयाच्या भेदभावाचा दावा मान्य केला. प्रामाणिकपणे सांगायचं तर लिंगभेदाचा दावा फेटाळला. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी एकच होत्या, पण निकाल निकाल असतो.

मागच्या_बाकावरून

क्रेव्हन यांच्या सुरकुत्या हाय डेफिनिशनमध्ये दिसत नसाव्यात. कॅमेरा बघून निवड करतो.

शंकेखोर

बरं, मग हे घ्या. ऑगस्ट २०१६, इजिप्तची सरकारी वाहिनी. आठ निवेदिकांना महिनाभर पडद्यावरून दूर केलं आणि वजन कमी करून या म्हणून सांगितलं. हुकूम काढणारं कोण? साफा हेगाझी, नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेच्या प्रमुख, स्वतः एकेकाळच्या निवेदिका. इथेही अँटेनाताई आणि आत्या, तिथेही बाईच. पुरुषांना कशाला झोडपता? आम्ही बातम्या ऐकत असतो हो.

तारीख_पे_तारीख

शिक्षा भोगून आलेली माणसं तुरुंगाधिकारी झाली की जास्त कडक असतात.

कपाट_उघडं

हे जरा जास्तच झालं. त्यांना कदाचित खरंच तसं वाटत असेल. प्रत्येक बाईच्या मताला कोणाचा तरी शिकवलेला पोपट का ठरवायचं? शंकेखोरांचा मुद्दा इथे बरोबर आहे.

गच्चीवरची_अँटेना

मीही ते कबूल करते. धाग्याची सुरुवातच माझ्या तोंडच्या वाक्याने केली आहे, पुरुषांना झोडपायला बसलेली नाही. पण बायका बायकांना नावं ठेवतात म्हणून तक्रार संपते असं कसं? आत्याने आणि मी निवेदकाच्या टायला का नावं ठेवली नाहीत, हा प्रश्न उरतोच. आम्हाला ते सुचलंच नाही.

आणि "आम्ही बातम्या ऐकत असतो" याबद्दल: १९७६ च्या नाताळात बीबीसीची वृत्तनिवेदिका अँजेला रिपन एका विनोदी कार्यक्रमात मेजामागून उठून नाचली. त्यानंतर वर्षानुवर्षं ब्रिटनमध्ये चर्चा कशाची, तर तिला पाय आहेत याची. ऐकणारे पुरुषही बहुधा त्यात होते.

उभ्या_रेघा

कॅनडाची निवेदिका लिसा लाफ्लाम, तिचं नाव कोणी काढलं नाही अजून? सीटीव्ही वाहिनीत पस्तीस वर्षं. लॉकडाऊनमध्ये केशरचनाकारांकडे जाणं बंद झालं तेव्हा तिने केस रंगवणं सोडलं आणि पांढऱ्या केसांनीच बातम्या द्यायला लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने तिचा करार संपवला. कंपनी म्हणाली, धंद्याचा निर्णय, केसांचा संबंध नाही. असेलही तसं. मला गंमत पुढची वाटली. लगेच डव्हने कॅनडात आपलं चिन्ह करडं केलं, वेंडीज या बर्गरच्या साखळीने आपल्या चिन्हातल्या लाल वेण्यांच्या मुलीचे केस करडे केले. बाई घरी बसली आणि जाहिरात झाली साबणाची. सहानुभूतीसुद्धा शेवटी दिसण्याच्याच दुकानातून आली.

लेपलवाला

हवामानवाल्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. त्यांच्यामागे हिरवा पडदा असतो, त्यावर नकाशा नंतर चढतो. हिरवं घातलं की पोटावर ढग दिसतात. बारीक पट्ट्या आणि बारीक चौकटी कॅमेऱ्यात नाचतात, त्या पुरुषांनाही बंद, हे शंकेखोरांच्या बाजूने सांगतो. पांढरंशुभ्र चमकतं. त्यात बायकांना वरून सूचना: फार सैल नको, फार घट्ट नको, बाही अशी, लांबी तशी. हे सगळं वजा केल्यावर दुकानात उरतं काय? २०१५ च्या शेवटी अमेरिकेतल्या हवामान-निवेदिकांच्या फेसबुक गटात एका स्वस्त ड्रेसचा पत्ता फिरला. मध्ये एकरंगी, दोन्ही कडांना काळा. डझनावारी जणींनी तोच घेतला, आणि त्या सगळ्यांचे फोटो शेजारीशेजारी लावून लोक हसले.

मी नाही हसलो. मला वाटलं, चला, यांनी आपला सूट शोधला.

शंकेखोर

हे माहीत नव्हतं. एक सरळ प्रश्न विचारतो, खवचटपणे नाही. चर्चेला पाहुणे बोलावता तेव्हा त्यांना कपड्यांबद्दल आधी सांगता का? बाई आणि पुरुष, दोघांना सारखंच?

लेपलवाला

ठरलेला निरोप असतो, निर्मिती विभागाकडून जातो. हिरवा नको, बारीक चौकटी नकोत, आवाज करणारे दागिने नकोत. तिथपर्यंत सगळ्यांना एकच. शेवटच्या ओळीत वेळ असते. पुरुष पाहुण्यांना "पंधरा मिनिटं आधी या", बायकांना "मेकअप आणि केसांसाठी तासभर आधी या."

शंकेखोर

त्या जास्तीच्या पाऊण तासाचे पैसे देता?

लेपलवाला

पाहुण्यांना पैसे कसले? येण्याजाण्याची गाडी देतो. ती दोघांना सारखी.