पावसाळ्यापूर्वी गावच्या होडीची आणि लाईफ जॅकेटची तपासणी कशी करावी? सल्ला हवा आहे

नदीकाठचा

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावर आमचे गाव आहे. २०१९ च्या महापुरात माणसे आणि जनावरे बाहेर काढताना जी तारांबळ उडाली, तिच्यानंतर आमच्या तरुण मंडळाने वर्गणी काढून फायबरची एक होडी, आउटबोर्ड इंजिन, बारा लाईफ जॅकेट आणि बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोन तरंगत्या रिंगा घेतल्या. त्याआधी पुराच्या पाण्यात आमचा आधार म्हणजे गुऱ्हाळाची काहील (गुळाचा रस आटवायची मोठी कढई), हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. २०२१ च्या पुरात होडी उपयोगी पडली, पण त्यानंतर ती पाण्यात उतरलेली नाही. सगळे सामान समाजमंदिराच्या मागच्या खोलीत गणपतीच्या मांडवाच्या बांबूंखाली पडून होते, ते आम्ही गेल्या रविवारी बाहेर काढले.

जॅकेट दिसायला बरी आहेत. दोन-तीन जॅकेटांचा रंग उडाला आहे आणि एकाचे बक्कल तुटले आहे. मंडळातील एका ज्येष्ठ सभासदाचे म्हणणे असे की ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवावीत, म्हणजे काम झाले. मला ते पटत नाही, पण जॅकेट आतून चांगले आहे की नाही हे ओळखायचे कसे, हेही मला सांगता येत नाही. वळीव सुरू झाले आहेत आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकल्यावर तपासणी करायला कोणालाच सवड नसते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंकाळ्याची सकाळ

जॅकेट विहिरीत टाकून पाहावे. तरंगले तर चांगले, बुडाले तर टाकून द्यावे. इतके साधे आहे.

इंजिनरूम

वरील प्रतिसादाशी मी नम्रपणे असहमत आहे. मालवाहू जहाजांवर नोकरी करून मी निवृत्त झालो असून सध्या कोल्हापुरातच असतो. रिकामे जॅकेट तरंगले म्हणजे त्याने स्वतःचे वजन पेलले, एवढेच सिद्ध होते. त्याने माणसाला पेलले पाहिजे, आणि तेही एका मिनिटापुरते नव्हे.

प्रथम जॅकेटच्या आतल्या बाजूचे लेबल वाचावे. त्यावर ५०, १०० किंवा १५० असा न्यूटनमधील आकडा असतो. ५० चे जॅकेट पोहता येणाऱ्या माणसासाठी आणि मदत हाकेच्या अंतरावर असेल अशा ठिकाणासाठी असते. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड ते पाण्याबाहेर ठेवील याची खात्री नसते. १०० चे जॅकेट शांत आणि आडोशाच्या पाण्यासाठी असते. पुराच्या ओढीचा विचार केला तर १५० चे उत्तम. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोची उचल धरावी. प्रौढ माणसाचे डोके पाण्यावर राहायला चार-पाच किलोची उचल बहुधा पुरते. बाकीची उचल भिजलेले कपडे, लाटा आणि घाबरलेल्या माणसाची धडपड यांसाठी लागते.

आता जॅकेटच्या आतला फोम. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत तो घट्ट दाबून सोडावा. चांगला फोम लगेच पूर्ववत फुगतो, मेलेल्या फोममध्ये खळगा तसाच राहतो. त्याला हात लावल्यावर पापडासारखा कुरकुर आवाज येत असेल, तर पुढची परीक्षा घेण्याचेही कारण नाही. आपली जॅकेट बांबूंखाली दबून होती असे आपण लिहिले आहे, त्यामुळे मला विशेष काळजी वाटते, कारण दीर्घकाळ वजनाखाली राहिलेला फोम चपटा होतो आणि तेवढी उचल कायमची जाते. माणसांनी जॅकेटचा बसायला उशीसारखा उपयोग केला, तरी हेच घडते.

खरी परीक्षा वजनाची. आपल्याकडे तालमींना तोटा नाही, तेव्हा व्यायामाच्या वजनाच्या बिडाच्या चकत्या मागून आणाव्यात. १०० न्यूटनचे जॅकेट सुमारे दहा किलोची ओढ पेलते, पण बिडाचे लोखंड पाण्यात बुडाल्यावर सुमारे सातव्या हिश्शाने हलके भरते, म्हणून साडेअकरा किलोच्या चकत्या जॅकेटला बांधाव्यात आणि ते शेततळ्यात किंवा मोठ्या टाकीत चोवीस तास सोडावे. परत ओढता यावे म्हणून दोर बांधायला विसरू नये. (एका ओळखीच्यांनी दोर बांधला नाही आणि चकत्या काढायला पाणबुड्या शोधावा लागला.) चांगल्या जॅकेटची उचल गोड्या पाण्यात चोवीस तासांनंतर पाच टक्क्यांहून अधिक घटू नये, असा जहाजांवरील जॅकेटांचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. संध्याकाळी तरंगणारे जॅकेट सकाळी तळाशी गेलेले दिसले, तर कापडाच्या आत पाणी शिरणारा फोम आहे हे समजावे. रिंगांसाठीही असाच निकष आहे: १४.५ किलो लोखंड गोड्या पाण्यात चोवीस तास पेलले पाहिजे.

याखेरीज प्रत्येक जॅकेट माणसाला घालून छातीभर पाण्यात उभे करावे आणि त्याला गुडघे वाकवायला सांगावे. जॅकेट कानापर्यंत वर सरकत असेल, तर मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. तो कमरेच्या पट्ट्यात ओवून घ्यावा, फोमच्या कप्प्याला मात्र एकही टाका घालू नये. लहान मुलांसाठी वजनानुसार वेगळी जॅकेट घ्यावीत, कारण मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खालून निसटते.

गॅरेजवाला, शिरोळ

इंजिनाबद्दल थोडे लिहितो. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या त्याने कडक होऊन तडकतात. नळीवरचा हातपंपाचा फुगा वाकवून पाहावा, बारीक चिरा दिसल्या तर नळीसह बदलावा. इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात चालू करावे आणि बाजूच्या छिद्रातून थंडाव्याच्या पाण्याची धार पडते का ते पाहावे. धार नसेल, तर इंजिन लगेच बंद करावे. चालकाच्या मनगटाला बांधायची लाल दोरी ओढल्यावर इंजिन जागच्या जागी बंद पडले पाहिजे, कारण चालक पाण्यात पडला आणि होडी चालू राहिली तर इंजिनाचा पाण्यातला पंखा त्याच्याच अंगावर येतो.

आमच्याकडे २०१९ ला पंख्यात ठिबकच्या नळ्या आणि उसाचा पाला अडकून दोनदा इंजिन बंद पडले. तेव्हापासून होडीत विळा आणि दोन वल्ही असतातच. पावडरचे अग्निशामक असेल तर दाबाच्या काट्याचा हिरवा पट्टा पाहून थांबू नये. नळकांडे उलटे करून हलवावे, कारण ओलीने आतली पावडर गोळा होते.

करवीर कट्टा

माणसे किती घ्यायची, हे अजून कोणी लिहिले नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बचावाची होडी उलटली, ते या भागात कोणी विसरलेले नाही. उजनी धरणाच्या पाण्यात २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी होडी वळवाच्या वाऱ्याने उलटली. होडी बुडायला पूरच लागतो असे नाही. होडी संथ पाण्यात उतरवून वाळूची पोती मोजून भरावीत, काठ पाण्याच्या किती वर राहतो ते पाहावे आणि तिथे ऑइल पेंटने ठळक रेघ मारावी. पुराच्या दिवशी ओरडणाऱ्या माणसांपुढे नावाड्याला बोट दाखवायला ती रेघ असली पाहिजे.

आणखी एक सूचना. फेकायचा दोर पाण्यावर तरंगणारा असावा. साधा नायलॉनचा दोर बुडतो आणि पंख्यात जातो. पिवळा किंवा निळा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) दोर तरंगतो, परंतु उन्हात राहून तो कुजतो. हातात चोळल्यावर भुसा सुटत असेल तर बदलावा.

नदीकाठचा

सर्वांचे आभार. इंजिनरूम काका, आपण सांगितल्याप्रमाणे तालमीतून चकत्या आणल्या आणि शनिवारी संध्याकाळी बारा जॅकेट शेततळ्यात सोडली. दोर बांधले होते. रविवारी संध्याकाळी आठ जॅकेट वर होती आणि चार तळाशी. त्या चारांपैकी तीन दिसायला सगळ्यात नवी होती, कारण ढिगाच्या तळाशी राहिल्यामुळे त्यांना ऊन लागले नव्हते आणि बांबूंचा भार मात्र त्यांच्यावरच होता. बक्कल तुटलेले जॅकेट उत्तम तरंगले. बक्कल नवे बसवले. दोन्ही रिंगा टिकल्या.

फडक्याने पुसा म्हणणारे आमचे ज्येष्ठ सभासद स्वतः पाण्यात उतरले आणि गुडघे वाकवताच जॅकेट त्यांच्या कानांवर आले. मांडीच्या पट्ट्यांचे काम आता त्यांनीच अंगावर घेतले आहे. बुडालेली चार जॅकेट आम्ही कात्रीने उभी कापली, नाहीतर ती पुन्हा मांडवाच्या सामानात जातील आणि ऐन पुरात कोणाच्या तरी अंगावर चढतील.

पोत्यांच्या हिशेबाने होडी दहा माणसे नेते, पण जॅकेट आठच आहेत. त्यामुळे नवी चार येईपर्यंत होडीच्या आतल्या बाजूला नावाड्यासह ‘८’ असा आकडा रंगवला आहे. मुलांची जॅकेट कोल्हापुरात कोठे प्रत्यक्ष हाताळून घेता येतील, हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.