वय वंदना कार्ड मिळालं, म्हणून मेडिक्लेम सोडायचा?

मांजलपूरकर:
परवा आपल्या इथं कुणीतरी टाकलं: "सत्तरी झाली ना? आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, मेडिक्लेम बंद करा आणि त्या पैशात नातवाला स्कूटी घ्या." खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लांबण लावतोय.

कार्ड चांगलंच आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरतीचा खर्च सरकारकडून. बीपी-शुगर जुनी असली तरी पहिल्या दिवसापासून चालतं. आम्ही दोघांनी काढलंय. पण हे पाच लाख माणशी नाहीत हो, घरटी आहेत. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढची असतील तर दोघांत मिळून पाच. वॉर्ड जनरल, ओपीडीला काही नाही. आणि दवाखाना योजनेच्या पॅनेलवर, म्हणजे यादीत हवा. तुमचा नेहमीचा हार्टचा डॉक्टर जिथं बसतो तो दवाखाना पॅनेलवर नसला, तर कार्ड पाकिटातच.

मेडिक्लेम मात्र एकदा सुटला की सुटला. एप्रिल २०२४ मध्ये नवी पॉलिसी घ्यायला असलेली पासष्टची वयोमर्यादा उठली खरी, पण म्हणून कंपनीनं पॉलिसी दिलीच पाहिजे असं कुठंय? चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टेंटवाल्याचा फॉर्म कोण पुढं सरकवतो? दिली तरी जुन्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबा. सलग पाच वर्षं भरली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय "आजार लपवलात" म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसी तुटली की तेही पुन्हा पहिल्यापासून. हप्ता झेपत नसेल तर विम्याची रक्कम कमी करून घ्या. पण सोडू नका.

रावपुऱ्याचा पेन्शनर:
भाषण छान. भरायचं कशातून? जन्मभर मकरपुरा जीआयडीसीत मशीनवर उभा राहिलो. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची, किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवर अडकलीय. महिन्याला हजार! गॅस आणि दूध यातच संपते. आमदार-खासदारांच्या पेन्शनीवर मात्र कुणी धागा काढत नाही.

मांजलपूरकर:
नाना, पेन्शनचं वेगळं काढा ना.

रावपुऱ्याचा पेन्शनर:
का काढू वेगळं? प्रीमियम काय आभाळातून पडतो?

विमावाला:
एक चांगली बातमीही सांगा की. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. शिवाय ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेशी, बोलावं लागतं. हे जानेवारी २०२५ पासून.

कारेलीबागची सून:
गेला ना जीएसटी! आमच्या सासऱ्यांच्या रिन्यूअलला कर गेला आणि मूळ आकडा वर सरकला. इनपुट क्रेडिट, म्हणजे कंपनीला तिच्या खर्चावरच्या कराची मिळणारी वजावट, बंद झालं ते कंपनी स्वतःच्या खिशातून भरेल असं वाटलं होतं का? यांच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर तर अठरा तसेच आहेत.

आणि क्लेमचं ऐका. सासऱ्यांना सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितला. घरचे कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसले ते संध्याकाळी सातपर्यंत. अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी म्हणे. आली तेव्हा हातमोजे, सुया, कापूस, अंडरपॅड सगळं "नॉन-मेडिकल" म्हणून कापलेलं. हातमोजे काय स्वयंपाकाला वापरले होते?

विमावाला:
सगळ्या कंपन्या तशा नसतात.

कारेलीबागची सून:
पॉलिसी विकताना कुठलीच तशी नसते.

नर्सिंग होमवाला:
डॉक्टर म्हणून लिहितो, शिव्या द्यायच्या त्या द्या. पॅनेलवर दवाखाने का नाहीत? योजनेनं प्रत्येक उपचाराला ठरवलेले पॅकेजचे दर बघा, आणि पैसे हातात कधी पडतात ते बघा. आमच्यासारख्या दहा-पंधरा खाटांवाल्याचा पगार वाटायचा दिवस कुणासाठी थांबत नाही.

मांजलपूरकर:
आणि ज्या दवाखान्यांना हे दर परवडतात ते काय करतात? नोव्हेंबर २०२४, अमदावाद. कडी तालुक्यातल्या गावकऱ्यांना शिबिराच्या नावानं आणून अँजिओप्लास्ट्या केल्या, दोघं गेले. विसरलात?

नर्सिंग होमवाला:
एकानं केलं म्हणून सगळ्यांना चोर म्हणा. चालू द्या.

ओल्ड पादरा रोड:
मुद्दा राहिला बाजूला. कार्डासाठी आधारचा ओटीपी लागतो. आमचा आधार मुलाच्या नंबरला जोडलेला आणि मुलगा ब्रॅम्प्टनला. इथं दुपार, तिथं मध्यरात्र. फोन उचलत नाही.

दांडिया बाजार:
ओटीपीच लागतो असं नाही. अंगठा चालतो, डोळ्याची बुबुळं चालतात, चेहराही चालतो.

रावपुऱ्याचा पेन्शनर:
थांबा. मुलगा कॅनडात, बंगला ओल्ड पादरा रोडला, आणि पाच लाख सरकारनं द्यायचे? मग आमच्यासारख्यांसाठी उरणार काय?

ओल्ड पादरा रोड:
पस्तीस वर्षं इन्कम टॅक्स भरलाय. भीक नाही मागत.

रावपुऱ्याचा पेन्शनर:
तुम्ही भरलात. मुलगा कुणाला भरतोय?

ओल्ड पादरा रोड:
मुलावर जायचं काम नाही. हिचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो सुट्टी टाकून येऊन राहिला होता. तुमचा कारेलीबागेतला मुलगा किती वेळा येतो ते सांगू का इथं?

रावपुऱ्याचा पेन्शनर:
सांगाच! तो रिक्षा चालवतो, सुट्टी टाकली की चूल बंद.

दांडिया बाजार:
अहो, दोघंही शांत व्हा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या बडोदा राज्यात शिक्षण मोफत नि सक्तीचं केलं, तेव्हा सावकाराच्या पोराला दारात अडवलं नव्हतं. उत्पन्नाचा दाखला मागायला लागलात की तो नानांनाच मिळत नाही, बंगलेवाल्याला बरोबर मिळतो.

नर्सिंग होमवाला:
आलेच महाराज! विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तरी महाराज, विमा निघाला तरी महाराज.

रावपुऱ्याचा पेन्शनर:
दाखल्याचं म्हणाल तर खरं आहे. मामलतदार कचेरीत चपला झिजल्या. पण म्हणून बंगलेवाल्यांचं पटलं असं समजू नका.

कारेलीबागची सून:
भांडण झालं असेल तर एक विचारू? आमच्या शेजारच्या काकांनी ती स्कूटीवाली पोस्ट वाचून या वेळचा हप्ता भरलाच नाही. सत्त्याहत्तर वय, बायपास झालेली.

मांजलपूरकर:
तारीख कधीची होती?

कारेलीबागची सून:
दोन-तीन आठवडे झाले असतील. विचारून सांगते.

विमावाला:
वार्षिक हप्ता असेल तर तीस दिवस ग्रेस असतो. त्यात भरला तर मागची वर्षं शाबूत राहतात. फक्त मधल्या दिवसांत काही झालं तर क्लेम बसत नाही.

मांजलपूरकर:
विचारत बसू नका, आजच भरायला लावा. विमावाले, या बाबतीत तुमचं बरोबर, काय करणार.

रावपुऱ्याचा पेन्शनर:
भरा म्हणे. त्या काकांची पेन्शन किती, तेही विचारा.