आमवाताची सुरुवात: सोनोग्राफीत पॉवर डॉपलरवर सिग्नल का येत नाही?

प्रश्न (सोनो_शिकाऊ): ३८ वर्षांच्या रुग्ण. आठ आठवड्यांपासून सकाळी तासभर मूठ वळत नाही. अँटी-सीसीपी (आमवाताची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, हातांचा एक्स-रे साफ. बी-मोडवर (साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात) दुसऱ्या-तिसऱ्या एमसीपीत (बोटाच्या मुळाच्या सांध्यात) सायनोव्हियम (सांध्याचं आतलं अस्तर) जाड दिसतं, पण पॉवर डॉपलरवर (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या मोडवर) एक ठिपका नाही. १२ मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब, थायरॉइडचं प्रीसेट, पीआरएफ (सेकंदाला किती ध्वनिस्पंद सोडायचे ती सेटिंग) २ किलोहर्ट्झ. ‘दाह नाही’ असं लिहू का?

सांधे_बघणारा: नका लिहू. सगळा घोळ पीआरएफचा आहे. सायनोव्हियममधलं रक्त फार संथ वाहतं, २ किलोहर्ट्झला ते दिसणारच नाही. ०.६ ते ०.८ वर या, वॉल फिल्टर (संथ हालचालीचे सिग्नल गाळणारी सेटिंग) अगदी खाली ठेवा. गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) रंगाचा कचरा दिसेपर्यंत वाढवा, मग तो जेमतेम जाईपर्यंत कमी करा.

दुसरी चूक दाबाची. नुसत्या प्रोबच्या वजनानेही या बारीक वाहिन्या मिटतात. जेल इतकं घाला की प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये स्क्रीनवर काळी पट्टी दिसत राहील. तळहात टेबलावर सपाट, बोटं सैल. बोट वाकवलं की वरचं कॅप्सूल (सांध्याचं आवरण) ताणलं जातं आणि सिग्नल जातो. एसीत हात गार पडला असेल तर आधी ऊब द्या. स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, तेही विचारून रिपोर्टमध्ये लिहा.

हाडं_आणि_फिल्म: पाय सोडू नका! हाडाची पहिली झीज पुष्कळदा पाचव्या एमटीपीत (पायाच्या करंगळीच्या मुळाच्या सांध्यात), बाहेरच्या बाजूला सापडते. काटकोनातल्या दोन्ही छेदांत दिसली तरच तिला इरोजन (हाडाची झीज) म्हणा. मेटाकार्पलच्या (तळहाताच्या हाडाच्या) मानेवर मागच्या बाजूला एक गुळगुळीत खळगा असतो, तो नॉर्मल आहे. अंगठ्याच्या एमटीपीत थोडं पाणी निरोगी माणसातही असतं, तेवढ्यावरून आमवात ठरवू नका.

सोनो_शिकाऊ: पीआरएफ ०.७ केला, सिग्नल आला. पण हाडाच्या रेषेखालीही रंग दिसतोय. हाडात रक्तप्रवाह आहे का?

सांधे_बघणारा: तो आरशासारखा परावर्तित रंग, मोजू नका. रंग जाड सायनोव्हियमच्या आतच हवा. शेजारची पोषक वाहिनी सांध्यात शिरताना दिसली तर तीही वगळा. मोजक्या सुट्या ठिपक्यांहून जास्त, पण निम्म्यापर्यंत भाग भरला तर ग्रेड २, त्याहून जास्त भरला तर ३.

हाडं_आणि_फिल्म: एमआरआय आत्ता लागेलच असं नाही. सोनोग्राफी आणि तपासणी जुळत नसेल तेव्हा तो खरा उपयोगी, कारण अस्थिमज्जेतली सूज सोनोग्राफीत दिसत नाही आणि पुढची झीज तिथेच होण्याचा धोका जास्त असतो. स्टिर सीक्वेन्स (चरबीचा सिग्नल दाबून सूज उठून दाखवणारा एमआरआयचा प्रकार) घ्या. गॅडोलिनियम (शिरेतून देण्याचं कॉन्ट्रास्ट) दिलंत तर पहिल्या पाचेक मिनिटांत इमेज काढा. नंतर ते सांध्याच्या पाण्यात झिरपतं आणि पाणी कुठलं, सायनोव्हियम कुठलं हे कळत नाही.

आमवात ठरवण्याचे २०१० चे एसीआर-युलर (अमेरिकी व युरोपीय संधिवाततज्ज्ञ संघटनांचे) निकष लावायचे तर एका तरी सांध्याची सूज डॉक्टरांच्या बोटांना लागलेली हवी. सोनोग्राफीने सांध्यांची संख्या वाढते, पण ती पहिली अट सुटत नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये सांध्याचं नाव, बाजू, बी-मोड आणि डॉपलर ग्रेड वेगवेगळे लिहा.