प्रति: अपडेटनंतर नॅसवरचं (नेटवर्कला जोडलेली स्टोरेज पेटी) नेक्स्टक्लाउड (स्वतः चालवायचं फाइल-क्लाउड) उघडेना
डेटा गेला असं समजून व्हॉल्यूम (डेटाबेसचा डेटा जिथे साठतो ती जागा) पुसू नका, जरा थांबा. तुम्ही दिलेल्या लॉगमध्येच उत्तर आहे: डेटा डिरेक्टरी (डेटाचं फोल्डर) पोस्टग्रेस (नेक्स्टक्लाउडमागचा डेटाबेस) १५ ची, सर्व्हर १६ चा. कंपोझ फाइलमध्ये (कोणते कंटेनर चालवायचे ते लिहिलेली फाइल) टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, 'लेटेस्ट' असणार, म्हणून अपडेटने १६ आणलं (हा टॅग डेटाबेसला लावायचाच कशाला!). मोठी आवृत्ती बदलली की पोस्टग्रेस जुन्या फाइल्स उघडतच नाही. टॅग १५ करा, कंटेनर (डेटाबेस ज्यात वेगळा चालतो तो डबा) उठेल. मग पीजी-डंपऑलने (पोस्टग्रेसचंच साधन) डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, काढा, १६ ला वेगळं रिकामं फोल्डर द्या आणि डंप त्यात भरा. जुनं फोल्डर सध्या तसंच राहू द्या.

आणि हो, नेक्स्टक्लाउडलाही मधली आवृत्ती गाळलेली चालत नाही. २७ वरून २९ ला जायचं तर २८ वाटेत लागणारच. वॉचटॉवर (कंटेनर आपोआप अपडेट करणारं साधन) चालू असेल तर डेटाबेस त्यातून आधी वगळा.