व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन: दोन्हींना ‘पडताळणी’च म्हणायचं का?

जळगाव: आमच्याकडे ठिबकच्या जोडण्यांचे साचे होतात. प्लास्टिक साच्यात कसं भरेल, किती आकसेल, कुठे पीळ खाईल हे आधी संगणकावर बघतो. अहवाल मराठीत द्यायचाय. दोन्हींना ‘पडताळणी’ लिहिलं तर चालेल?

धुळे: नका लिहू. पहिल्यात, म्हणजे व्हेरिफिकेशनमध्ये, फक्त समीकरणं बरोबर सुटली का ते बघायचं. मेश, म्हणजे गणितासाठी तुकड्याचे पाडलेले छोटे भाग, बारीक करत गेल्यावर उत्तर हलायचं थांबतं का? सपाट पट्टी थंड होण्याचं गणित हातानं सुटतं, तेच उत्तर प्रोग्रॅम देतो का? याला शाळेतला ‘ताळा’ पुरे. दुसऱ्यात, म्हणजे व्हॅलिडेशनमध्ये, ही समीकरणं मुळात या कामाची आहेत का, हा प्रश्न. त्याचं उत्तर मशीनवरून निघालेला तुकडाच देतो. तो ‘पडताळा’. पडताळा अनुभवाचा येतो, बेरजेचा नाही.

भुसावळ: सरकारी ढंगात ‘वैधता’ म्हणतील. पण वैधता म्हटलं की आपल्याकडे जातीचा दाखलाच आठवतो!

जळगाव: आकसणं जुळेपर्यंत साच्याकडे जाणाऱ्या उष्णतेचा आकडा बदलत गेलो, तर तोही पडताळाच ना?

धुळे: नाही भाऊ, ते कॅलिब्रेशन. ज्या तुकड्यांवर आकडा बसवला, तेच साक्षीला कसे आणणार? आता तो आकडा हलवू नका. भिंतीची जाडी किंवा भरण्याचा वेग बदला, भाकीत आधी लिहून ठेवा, मग तुकडा काढा. पॉलिप्रॉपिलीन साधारण 1 ते 2 टक्के आकसतं आणि साच्यातून निघाल्यावरही आकसत राहतं, म्हणून माप किती वेळानं घेतलं तेही लिहा. आणि मे महिन्यात साचा थंड करणारं टाकीचं पाणी कसं तापतं ते जळगावकरांना मी काय सांगू! प्रोग्रॅममध्ये 25 अंश टाकून मोकळे होऊ नका.

ओतकामात याचा चांगला दाखला आहे. 1995 मध्ये लंडनच्या परिषदेत, वाळूच्या साच्यात शुद्ध ॲल्युमिनियम भरतानाचं क्ष-किरण चित्रण आणि वेगवेगळ्या गटांची संगणकी उत्तरं शेजारी ठेवून तपासली होती. साचा आतून दिसत नाही, म्हणून क्ष-किरण.

भुसावळ: कॅलिब्रेशनला ‘जुळवणी’ लिहू नका हं. फिटर लोकांत जुळवणी म्हणजे असेंब्ली.

जळगाव: आणि ‘कॅलिब्रेशन’ लिहिलं तर क्वालिटीवाले गेजचं सर्टिफिकेट मागतील.

धुळे: मग सरळ ‘आकडा बसवणं’ लिहा, आणि कोणत्या तुकड्यांवर बसवला तेही त्याच ओळीत.